नऊ लिंका आणि एक गळका नळ

संकेतस्थळाकडून आलेलं ते ईमेल काकांनी पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यांना वाटलं, कुणीतरी सांत्वनाला उशीर केलाय. सुरुवात तशीच होती: ‘आपणांस कळविण्यास खेद होतो की...’ काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं. इतक्या उशिरा खेद करणारा हा कोण, म्हणून काकांनी चष्मा पुसला आणि पुढे वाचलं. पुढे असं होतं, की काकूंच्या पानावरचे बहुतेक दुवे मृत झाले आहेत. नऊपैकी दोनच जिवंत आहेत. महिनाअखेरीस यंत्र पुन्हा तपासणी करील, आणि तेव्हा निम्म्याहून अधिक दुवे जिवंत नसले तर ते पान कायमचं काढून टाकण्यात येईल. खाली सही नव्हती. ‘हे पत्र यंत्राने पाठवले आहे, कृपया उत्तर देऊ नये,’ एवढंच होतं.

उत्तर देऊ नये म्हटल्यामुळे काकांनी तातडीनं उत्तर दिलं. पान माझ्या पत्नीचे आहे, ती हयात नाही, तेव्हा मृत हा शब्द कुठे वापरावा याचे आपल्याकडे काही ताळतंत्र असावे, असं त्यांनी लिहिलं. त्यावर क्षणात तेच पत्र परत आलं, खेदासकट.

काका म्हणजे पाणीपुरवठा खात्यातले निवृत्त फिटर. सगळी बिल्डिंग त्यांना काका म्हणायची, अगदी त्यांच्याहून वयानं मोठी माणसंही. जन्मभर त्यांनी शहराचे सांधे आवळले. गुडघाभर चिखलात उतरून, रस्त्याला कान लावून, कुठे गळतंय ते सांगणारा माणूस. काकू घर सांभाळायच्या आणि उरलेल्या वेळात घरगुती युक्त्यांच्या एका संकेतस्थळावर लिहायच्या. शाईचा डाग कसा घालवावा, कपडा फाटला तरी हलणार नाही असं बटण कसं लावावं, मुंग्यांना न मारता घराबाहेर कसं काढावं. त्यांचं एकच पान होतं आणि ते त्यांनी खालून वाढवत वाढवत एवढं लांब केलं होतं, की शेवटाला पोचेपर्यंत अंगठा दुखायचा. काकू होत्या तोवर काकांनी ते कधी पुरतं वाचलं नव्हतं. गेल्या वर्षात मात्र इतक्या वेळा वाचलं, आणि वाचलेलं करून पाहिलं, की घरात औषधालाही डाग उरला नव्हता.

ते पान वाचताना काकू समोर बसून बोलतायत असं वाटायचं. काकू सरळ कधी बोलल्याच नाहीत. इस्त्रीवाल्यानं शर्ट जाळला हे सांगायला निघायच्या. मग इस्त्रीवाल्याच्या बायकोचं दुखणं यायचं, त्यावरून त्या दुखण्याचा डॉक्टर, डॉक्टरच्या दवाखान्यातल्या खुर्च्या, आणि तसल्याच खुर्च्या आपण घेणार होतो त्याचं काय झालं, असं होत होत जळका शर्ट बाजूलाच राहायचा. काका दुसऱ्या दिवशी तो घालून कामावर जायचे आणि तिथे लोकांनी दाखवल्यावर त्यांना कळायचं. आता घरात सगळं सरळ झालं होतं. कामाचं बोलून झालं की बोलणं संपायचं.

काकांनी लेकीला फोन लावला. ती परगावी एका इस्पितळात नर्स होती आणि वडलांशी ती पेशंटशी बोलावं तसं बोलायची, म्हणजे हळू आणि मोठ्यानं.

“बाबा, पानावर काही शब्द निळे दिसतात ना, खाली रेघ असलेले? त्यांना लिंक म्हणतात. त्यावर बोट ठेवलं की दुसरं पान उघडतं. त्या शब्दाच्या पोटात दुसऱ्या पानाचा पत्ता असतो.”

“म्हणजे इथे तोटी, तिथे टाकी.”

“हो. तसंच समजा.”

“आणि टाकी हलवली तर?”

“तर तोटी कोरडी. आईच्या सात तोट्या कोरड्या पडल्यात. मी रविवारी बघते. तुम्ही हात लावू नका.”

रविवारी लेकीनं बघितलं. लिंक बदलायची तर काकूंच्या नावानं आत शिरायला हवं, आत शिरायचं तर पासवर्ड हवा, आणि तो काकूंनी कुणालाच सांगितला नव्हता. लेकीनं घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस घालून पाहिले. काकांचा चालला नाही, याचं काकांना जरा वाईट वाटलं. पासवर्ड विसरला असेल तर तुमच्या फोनवर नवीन पाठवतो, असं यंत्र म्हणालं आणि त्यानं तो पाठवलाही. पण काकूंचा फोन नंबर लेकीनंच रीतसर बंद करून टाकला होता. लेक म्हणाली, आता काही होणार नाही, पान आपण उतरवून ठेवू, छापून घेऊ.

छापलेल्या पानावर बोट ठेवलं तर काय उघडणार, असं काकांनी विचारलं. 

त्या पानावर एक वाक्य होतं, आणि काकांचा सगळा जीव त्या वाक्यात होता. खरं म्हणजे ते वाक्य त्यांच्या अब्रूवर होतं. ‘नळाचा वॉशर बदलायला प्रत्येकीने शिकून घ्यावे, कारण आमचे हे जन्मभर दुसऱ्यांचे नळ दुरुस्त करीत असले, तरी...’ आणि पुढे टिंबं. यातले ‘आमचे हे’ हे दोन शब्द निळे होते. त्यावर बोट ठेवलं की पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागाचं पान उघडायचं. तक्रार: स्वयंपाकघरातील नळ गळतो. तक्रारदार: काकूंचं नाव. स्थिती: प्रलंबित.

त्याचं असं झालं होतं, की एका संध्याकाळी काका चिखलानं माखून घरी आले आणि काकूंनी दारातच नळ गळत असल्याचं सांगितलं. काका वैतागून म्हणाले, रीतसर तक्रार नोंदव, नंबर लागला की होईल. काकूंनी पदर खोचला, फोन काढला आणि रीतसर नोंदवली. मग तिची लिंक आपल्या पानावर लावली. मग ते पान सगळ्या खात्यानं वाचलं. काकांच्या निरोप समारंभात मोठ्या साहेबांनी पडद्यावर ‘आमचे हे’ वर बोट ठेवून दाखवलं आणि लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. काकांनी त्या दिवशी ठरवलं, आता हा नळ नंबरानंच दुरुस्त होईल. नंबर काही लागला नाही. खात्याची हद्द मीटरपर्यंत. घरातला नळ खात्याचा नाही, त्यामुळे ती तक्रार कुणाला घेता येईना, आणि फेटाळायचे अधिकार कुणाला होते ते कुणालाच माहीत नव्हतं. तक्रार तशीच राहिली. नळाखाली पातेलं राहिलं.

नऊपैकी ज्या दोन लिंका जिवंत होत्या त्यांतली ही एक. दुसरी हवामान खात्याची, ‘कपडे वाळत घालण्याआधी’ या शब्दांवर. काका रोज सकाळी चहा घेताना ‘आमचे हे’ वर बोट ठेवायचे, प्रलंबित आहे हे पाहायचे आणि मग कप विसळायचे.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त प्रोफेसर राहायचे. इतिहासाचे. बिल्डिंगमध्ये कुठेही काही अडलं की ते न बोलावता यायचे आणि बोलावल्यासारखे बसायचे. त्यांनी काकांना समजावून सांगितलं, की पूर्ण शब्द हायपरलिंक, पण तो कुणी म्हणत नाही, आणि नुसतं लिंक म्हणतात ते वाटेल तसं म्हणतात. लिंक पाठव म्हणणाऱ्याला खरं तर पत्ता हवा असतो. लिंक उघडत नाही असं म्हणतात तेव्हा बिचारी लिंक ठणठणीत असते, पलीकडचं पान गेलेलं असतं. जुन्या ग्रंथांत तळटीप असायची तशीच ही, फक्त तळटीप वाचायला पानाच्या खाली जावं लागतं आणि इथे पानच अंगावर येतं. मग ते तळटिपांवर गेले, तळटिपांवरून त्यांच्या प्रबंधावर, प्रबंधावरून तो नाकारणाऱ्या विभागप्रमुखांवर आणि तिथून काही परत आले नाहीत. काका ऐकत राहिले. त्यांना बरं वाटत होतं.

“आणि मुख्य गोष्ट,” जिना चढता चढता प्रोफेसर म्हणाले, “लिंक एकतर्फी असते. तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत हे मला कळतच नाही. मी खुशाल घर बदलून जातो.”

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, काका मनात म्हणाले; पाणी जातं, परत येत नाही. आणि तिथेच त्यांना मार्ग दिसला. आपल्या बाजूचा सांधा उघडत नसेल तर फिटर काय करतो? पलीकडे जातो. काकूंचं पान हलवता येत नव्हतं, पण काकूंनी ज्यांच्याकडे बोट दाखवलं होतं ती माणसं तर याच शहरात होती. त्यांना जाऊन सांगायचं, बाबांनो, तुमचं पान होतं तिथे परत आणून ठेवा. निम्म्याहून अधिक म्हणजे पाच. दोन आहेत. तीन जोडायच्या. बाकीच्या चारांमध्ये एक साबणाचा कारखाना होता, तो बुडालेला, आणि उरलेली तीन संकेतस्थळं कुणाची होती हे प्रोफेसरांनाही सांगता येईना. म्हणजे हुकायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी काका पिशवी घेऊन बटणांच्या दुकानात गेले. काकूंनी ‘बटण’ या शब्दावर या दुकानाची लिंक लावली होती. काकांनी दुकानदाराला सांगितलं, तुमचं पान सापडत नाही. दुकानदार म्हणाला, दुकान आजोबांच्या वेळेपासून इथेच आहे. काका म्हणाले, दुकान आहे, पण सापडत नाही. दुकानदारानं काउंटरवर हात आपटून दाखवला, की हे बघा, आहे. काकांनी फोन पुढे केला. त्यावर मोठ्या अक्षरांत होतं: ‘आपण शोधत असलेले पान अस्तित्वात नाही.’ दोघे त्या दुकानात, बटणांच्या हजारो डब्यांमध्ये उभे राहून, ते दुकान अस्तित्वात नाही हे वाचत राहिले. दुकानदाराचा चेहरा पडला. गेले कित्येक महिने गिऱ्हाईक का नाही याचं कारण त्याला एकदम मिळालं. ते बहुधा खोटं होतं, पण त्यानं त्याला फार धीर आला.

मग त्यानं संकेतस्थळ बनवणाऱ्या जावयाला फोन लावला आणि त्याला असं काही झापलं, की काकांना तिथून निघून जावंसं वाटलं. जावई म्हणत होता, पान काढलेलं नाही, नुसता पत्ता बदललाय, पूर्वी ‘बटणे’ होता तो आता ‘आमची उत्पादने’ केलाय. सासरा म्हणाला, आमची उत्पादने कसली, आम्ही बटणंच विकतो. तासाभरात पान जुन्या पत्त्यावर परत आलं. काकांनी उपकाराखातर डझनभर मोठी शिंपल्याची बटणं घेतली. तसा कोट त्यांच्याकडे नव्हता.

सार्वजनिक वाचनालयाचं प्रकरण मात्र लांबलं. काकूंनी ‘डाग’ या शब्दावर वाचनालयाच्या एका पुस्तकाची माहिती जोडली होती. खिडकीतल्या कारकुनानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पान हरवल्याची तक्रार पुस्तकाची की संगणकाची? काका म्हणाले, संगणकाची. मग पहिला मजला. पहिल्या मजल्यावरचा कारकून म्हणाला, इथे फक्त सभासदांची तक्रार घेतात. काका सभासद झाले. फोटो द्यावा लागला, तो काढायला समोरच्या दुकानात गेले, तिथे फोटोवाल्यानं हसा म्हटल्यावर त्यांना जमेना आणि त्यात अर्धा तास गेला. परत आले तेव्हा कारकून म्हणाला, नवीन सभासदाला पहिल्या महिन्यात तक्रार करता येत नाही, सूचना करता येते, सूचना त्या पेटीत टाका. पेटीला कुलूप होतं आणि किल्ली कुणाकडे होती ते कुणाला आठवत नव्हतं. पेटी आतून इतकी गच्च भरली होती, की काकांची सूचना अर्धी बाहेर राहिली.

ती तशी लोंबताना ग्रंथपालबाईंनी जाता जाता ओढून वाचली. वाचून त्या खिडकीपाशी आल्या आणि म्हणाल्या, की पान आहे, नवीन कपाटात गेलंय म्हणा. जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या पत्त्यावर आपोआप पाठवायची सोय करता येते.

“म्हणजे बायपास,” काका म्हणाले.

बाईंना बायपास म्हणजे हृदयाचाच माहीत होता. त्यांनी काकांना घाईघाईनं बसायला खुर्ची दिली आणि पाणी मागवलं. काकांनी पाइपलाइनचं समजावून सांगेपर्यंत दोघं कारकूनही जमले. पण काम झालं. चार लिंका जिवंत झाल्या, आणि काकांकडे वाचनालयाचं कार्ड आलं. त्यावरच्या फोटोत ते कुणाला तरी शोधत असल्यासारखे दिसत होते.

पाचवी सगळ्यांत अवघड होती, कारण ती नात्यातली होती.

काकूंनी एका जागी लिहिलं होतं: ‘करपलेले भांडे घासताना काही लोक नुसता साबण वापरतात. त्यांच्याविषयी न बोललेले बरे.’ यातले ‘काही लोक’ निळे होते. ते काही लोक म्हणजे काकूंची सख्खी धाकटी बहीण. तिचंही त्याच संकेतस्थळावर एक पान होतं, आणि त्यात भांडी साबणानं घासावीत असं लिहिलेलं होतं. लिंक पाहिल्यावर तिनं रागारागानं ते पानच काढून टाकलं, आणि दोघी बहिणी महिनाभर बोलल्या नव्हत्या. नंतर बोलायला लागल्या, पण पान काही परत लागलं नाही.

मेहुणीनं काकांना बसवलं, चहा दिला आणि येण्याचं कारण विचारलं. काकांना वळणं घेऊन बोलायची सवय नव्हती.

“तुझं भांड्यांचं पान परत लाव.”

“का?”

“‘काही लोक’ कोरडं पडलंय.”

मेहुणीनं कप खाली ठेवला. “म्हणजे भाऊजी, ताईचा टोमणा मला नीट लागावा, म्हणून मी पान परत लावू?”

“हो.”

“असं मागणं घेऊन कुणी कुणाच्या दारात गेलं असेल का हो आजवर?”

काका म्हणाले, नसेल गेलं. मग त्यांनी महिनाअखेरीचं सांगितलं.  मेहुणी उठली, आत जाऊन डोळे धुऊन आली आणि म्हणाली, नुसत्या साबणानंच भांडं स्वच्छ निघतं, हे मी मरेपर्यंत म्हणणार. काका म्हणाले, म्हण. तिनं पान परत लावलं, शब्द न बदलता. फक्त शेवटी एक ओळ घातली: ‘ताईचे मत वेगळे होते.’ आणि ‘ताईचे’ हा शब्द निळा करून त्याला काकूंच्या पानाची लिंक लावली. आता दोन्हीकडून पाणी खेळू लागलं.

पाच झाल्या. काकांनी इथे थांबायला हवं होतं. पण प्रोफेसर खाली आले.

प्रोफेसर म्हणाले, जिवंत आहे म्हणून निर्धास्त राहू नका. मोठमोठी राज्यं निर्धास्त राहून गेली. ही जी तुमच्या खात्याची लिंक आहे, ती आज आहे, उद्याचं काय? एकदा जाऊन खात्री करून घ्या. आणि जाताना नीट कपडे घालून जा.

काका नीट कपडे घालून आपल्या जुन्या ऑफिसात गेले. तिथे सगळं बदललं होतं. भिंतीला नवा रंग, आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘शून्य प्रलंबित’ अशी पाटी. नव्या कनिष्ठ अभियंता मॅडमनी महिनाअखेरपर्यंत एकही तक्रार बाकी ठेवणार नाही, असा शब्द नव्या मोठ्या साहेबांना दिला होता. दारातच काकांना लंबू भेटला. लंबू म्हणजे काकांच्या हाताखाली तयार झालेला फिटर, आता केस पिकलेला. काकूंच्या हातचा चहा त्यानं वर्षानुवर्षं प्यायलेला होता. तो काकांना बाजूला ओढून काही सांगणार, तेवढ्यात मॅडम बाहेर आल्या आणि काकांनी नमस्कार करून सरळ विचारलं, की आमच्या घरच्या नळाची एक तक्रार आहे, ती सुखरूप आहे ना?

मॅडम बघतच राहिल्या. यादीत एकच तक्रार उरली होती आणि ती महिनाभर त्यांच्या डोक्याला ताप झाली होती. तक्रारीत पत्त्याच्या जागी काकूंनी लिहिलं होतं, ‘तुमच्याच फिटरचे घर.’ खात्यात फिटर चाळीस. मॅडमनी निम्म्यांची स्वयंपाकघरं तपासली होती. घर कुणाचं हे जुन्या माणसांना ठाऊक होतं, पण काकूंच्या चहाला जागून कुणी सांगितलं नव्हतं.

“म्हणजे ते घर तुमचं,” मॅडम म्हणाल्या. त्यांचा चेहरा एवढा उजळला, की काका एक पाऊल मागे सरकले. हद्दीचं मी बघते, उद्या सकाळी पहिलं काम तुमचं, असं त्यांनी सांगितलं. काका म्हणाले, काही घाई नाही. मॅडम म्हणाल्या, इतकी वर्षं थांबलात आणि वर घाई नाही म्हणता, अशी माणसं आता मिळत नाहीत.

लंबू काकांना फाटकापर्यंत सोडायला आला. तेव्हा त्यानं सांगितलं, की तक्रार मिटली की तिचं पान आपोआप निघून जातं. मिटलेलं कशाला ठेवायचं, अशी नवी पद्धत. काका बस न पकडता चालत घरी आले. पाचातून एक गेली की चार. चार म्हणजे निम्म्याहून कमी. आणि पान राहिलं असतं तरी, ‘आमचे हे’ कोरडं पडलेलं त्यांना चालणार नव्हतं.

सकाळी मॅडम, लंबू आणि पाना-पक्कडीची पेटी दारात हजर झाली. काकांनी आदल्या संध्याकाळीच नळाला फडकं करकचून बांधून ठेवलं होतं. ते म्हणाले, नळ गळतच नाही, बघा. लंबूनं डोळ्यांनी खुणावलं आणि पुटपुटला, की गळत नसेल तर ‘तथ्य आढळले नाही’ लिहून मिटवतात. काकांनी घाईघाईनं फडकं सोडलं. नळ लगेच ठिबकायला लागला.

“गळतो,” काका म्हणाले. “चांगला गळतो.”

मग ते सिंकसमोर हात पसरून उभे राहिले. आवाज ऐकून प्रोफेसर आले आणि फ्रिजपाशी जागा धरून, वेढा पडलेल्या किल्ल्यात माणसं कशी वागतात ते सांगू लागले. मेहुणी आपलं पान ताईच्या पानावरून उघडतं का ते पाहायला आली होती, तीही आत शिरली. एवढी माणसं त्या स्वयंपाकघरात काकूंच्या काळानंतर पहिल्यांदाच जमली होती.

“काका, तुम्ही खात्यातले,” मॅडम म्हणाल्या. “तुम्हीच अडवणार?”

“मॅडम, गळती जुनी आहे. तिला धक्का लावू नका.”

मॅडमना वाटलं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. काकांनी फोन त्यांच्या हातात दिला. मॅडम उभ्या उभ्या काकूंचं पान वाचू लागल्या. बटणापाशी त्या हसल्या, मुंग्यांपाशी मोठ्यानं हसल्या. नळाच्या वाक्यापाशी थांबल्या आणि त्यांनी ‘आमचे हे’ वर बोट ठेवलं. उघडलं ते त्यांच्याच खात्याचं पान, त्यांचीच ती शेवटची तक्रार. त्यांनी नळाकडे पाहिलं, मग काकांकडे.

“आम्हाला माहीतच नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला कसं कळणार?” काका म्हणाले. “ते एकतर्फीच असतं.”

मॅडमनी फोन परत दिला. साहेबांना शून्य सांगून बसलेय, असं त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग लंबूनं घसा साफ केला आणि नळाकडे बघत म्हणाला, की मॅडम, मिटवायची तरी कशी? समाधान झालं म्हणून तक्रारदाराची सही लागते.

“तक्रारदार कुठे आहेत?”

लंबू नळाकडेच बघत राहिला. “घरी नाहीत.”

“कधी येतील?”

 प्रोफेसरांनी वेढा अर्धवट सोडला. पातेल्यात थेंब पडत होते.

“सांगून गेली नाही,” मेहुणी म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांना खिडकीच्या कट्ट्यावर बायकी चष्मा दिसला, घडी घालून ठेवलेला, काचा पुसलेल्या. त्यांनी आपल्या फोनवर तक्रारीचं पान काढलं आणि उभ्या उभ्या शेरा लिहिला. लिहिताना मोठ्यानं म्हणाल्या, “तक्रारदार घरी नाहीत. पुन्हा भेट देणे.”

“आणि शून्य?” लंबूनं विचारलं.

“एक,” मॅडम म्हणाल्या. “साहेबांना सांगते, एक राहिली.”

महिनाअखेर उलटली आणि यंत्राचं ईमेल आलं. आपणांस कळविण्यास आनंद होतो, असं ते होतं. नऊपैकी पाच दुवे जिवंत, पान कायम. कृपया उत्तर देऊ नये. काकांनी उत्तर दिलं, आभारी आहे म्हणून.

पुन्हा भेट देणे असा शेरा असला की खात्याला महिन्यातून एकदा यावंच लागतं. तसा लंबू पेटी घेऊन आला. दारात उभं राहून त्यानं नियमाप्रमाणे विचारलं, तक्रारदार आहेत का? काकांनी नाही म्हणून सांगितलं. लंबूनं ते लिहून घेतलं. मग आत येऊन चहा प्यायला. कप विसळायला सिंकपाशी गेला तेव्हा नळाकडे बघून त्याचे हात शिवशिवले.

“काका, वॉशर खिशातच आहे. दोन मिनिटांचं काम. कागदावर काही बदलत नाही. कुणाला कळणार आहे?”

काकांनी पातेलं रिकामं केलं आणि नळाखाली नीट मधोमध ठेवलं.

“राहू दे,” ते म्हणाले. “तिची तक्रार खोटी पडेल.”